आवाज मैदानभर, गाणे मात्र पुढच्या कुंपणापुरते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी रॉक बँड महाराष्ट्रात येणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘यू टू’ वाजवून गेले, त्याच स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’चे चार दिवसांत तीन कार्यक्रम झाले, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २०२३ पासून ‘लोलापालूझा’ हा संगीत महोत्सव भरू लागला आणि मे २०२५ मध्ये ‘गन्स अँड रोझेस’ही तिथेच हजेरी लावून गेले. अशा कार्यक्रमांच्या निमित्ताने तिकिटांचा काळाबाजार, वाहतूक कोंडी, जादा लोकल गाड्या आणि आत मिळणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा भाव यांवर वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले जाते, आणि ते लिहिले जायलाच हवे. परंतु ज्या एका गोष्टीसाठी माणूस तिकीट काढतो त्या ध्वनीचा दर्जा कसा होता, याविषयी मात्र चकार शब्द वाचायला मिळत नाही. वर उल्लेख केलेल्या कार्यक्रमांविषयी माझी तक्रार नाही. माझे गाऱ्हाणे आहे ते गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या वेशीवरील एका मोकळ्या मैदानावर झालेल्या रॉक मैफलीविषयी. तिच्या आयोजकांचे आणि बँडचे नाव मी जाणूनबुजून लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच अनुभव इतरत्रही येतो आणि एकाला धारेवर धरून बाकीच्यांना मोकळे सोडण्यात अर्थ नाही.

त्या संध्याकाळी मी मधल्या दराचे तिकीट काढून दुसऱ्या कुंपणात उभा होतो. पहिल्याच गाण्यात लक्षात आले की ड्रमचा पायाने वाजवायचा मोठा ढोल आणि बेस गिटार यांचा मिळून एक अखंड घूं-घूं असा लोंढा अंगावर येत आहे आणि त्याखाली बाकीचे सगळे गाडले गेले आहे. प्रचंड पडद्यावर गायकाचे ओठ हलताना दिसत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, पण कानावर येत होते ते केवळ स्वरांचे अवशेष. व्यंजने पार गळून गेली होती. कीबोर्ड वाजवणारी कलाकार दोन्ही हातांनी मन लावून वाजवत होती, परंतु तिने वाजवलेला एकही सूर आमच्यापर्यंत पोहोचला असेल असे मला वाटत नाही. स्नेअर ड्रमचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लहान ड्रमचा, प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत होता, एकदा बाजूच्या मनोऱ्यावरील स्पीकरमधून आणि लगेच पुन्हा रंगमंचाकडून, त्यामुळे सरळ चार मात्रांचा ताल लंगडत चालल्यासारखा भासत होता. ज्या गाण्यातील गिटारच्या लांबलचक एकलवादनासाठी निम्मे मैदान जमले होते, नेमक्या त्याच वेळी डाव्या बाजूच्या स्पीकरची अख्खी रांग मुकी झाली आणि ते वादन संपून पुढचा अंतरा सुरू झाल्यावर खर्र असा आवाज करून पुन्हा बोलू लागली.

आपले श्रोते अशा प्रसंगी गप्प बसणारे नाहीत. नाट्यगृहात मागच्या रांगेतून जशी ‘आवाज, आवाज’ अशी हाळी उठते, तशी ती इथेही उठली. कुंपणापाशी वॉकी-टॉकी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला मी गायकाचा आवाज वर घ्यायला सांगण्याची विनंती केली, तेव्हा त्या बिचाऱ्याने ‘काका, आत सांगितलंय’ एवढेच उत्तर दिले. काही मिनिटांनी खरोखरच आवाज वाढला. मात्र तो सगळ्याचाच वाढला. घूं-घूं आणखी मोठी झाली आणि गायक होता तिथेच राहिला.

मध्यंतरी मी गर्दीतून वाट काढत ध्वनिमिश्रणाच्या तंबूपर्यंत गेलो. रंगमंचासमोर, बरोबर मध्यभागी, साउंड इंजिनिअर जिथे आपले कन्सोल घेऊन बसतो ती ही जागा. तंबूच्या कठड्याला टेकून उभा राहिलो आणि जणू दुसऱ्याच मैफलीत आलो. शब्द न् शब्द कळत होता, दोन गिटार डावीकडे-उजवीकडे वेगवेगळ्या ओळखू येत होत्या, झांजेवर घासलेली काठीसुद्धा ऐकू येत होती. तिथून बाजूला चालत गेलो तसतसा आवाज पुन्हा चिखलात रुतत गेला. म्हणजे कलाकार चोख वाजवत होते, इंजिनिअरचा कान तयार होता, यंत्रेही हलकी नव्हती. ती यंत्रे मैदानावर कुठे आणि कशी उभी करायची, याचा विचार मात्र त्या तंबूपाशीच थांबला होता. इंजिनिअरला जे ऐकू येत होते ते उत्तमच होते, आणि तो जागेवरून उठून मैदानात फिरकला नाही तर बाकीच्यांचे हाल त्याला कळण्याचा मार्गही नव्हता.

हे असे का होते, हे सांगण्यासाठी थोडे शास्त्र सांगावे लागेल. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. अंतर वाढते तसे उंच पट्टीतील ध्वनी हवेत अधिक शोषले जातात आणि समोरच्या माणसांच्या अंगावर अडतात. खर्जातील ध्वनी मात्र माणसांना वळसे घालून चहूकडे पसरतात. गाण्यातील शब्द कळतात ते ‘क’, ‘त’, ‘स’ यांसारख्या व्यंजनांमुळे आणि त्यांचा ठसठशीतपणा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास असतो. मोठा ढोल आणि बेस गिटार यांचे बळ असते १०० हर्ट्झच्या खाली. तेव्हा दूरच्या श्रोत्यासाठी काहीच तजवीज केली नाही, तर त्याच्या वाट्याला ढोल येतो आणि शब्द येत नाहीत. त्यात खर्जाचे स्पीकर, म्हणजे ज्यांना साउंडवाले नुसते ‘सब’ म्हणतात ते, रंगमंचाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला रचले की दोन्हींकडच्या लाटा मैदानात काही पट्ट्यांत एकमेकींना बळ देतात आणि काही पट्ट्यांत एकमेकींना मारतात. पाच-सहा पावले बाजूला सरकल्यावर छातीत घुमणारा खर्ज एकाएकी नाहीसा होतो, हा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांनी त्याचे खापर स्वतःच्या कानांवर फोडू नये.

मागच्या श्रोत्यांसाठीची तजवीज म्हणजे डिले टॉवर. मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे आणखी मनोरे उभे करायचे आणि त्यांतून येणारा ध्वनी रंगमंचाकडून हवेतून चालत येणाऱ्या ध्वनीशी जुळेल इतका उशिरा सोडायचा, अशी ही युक्ती आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर चालतो. म्हणजे रंगमंचापासून १०० मीटरवरच्या मनोऱ्याला सेकंदाच्या तीन दशांशांच्या जवळपास थांबावे लागते. दोन्ही ध्वनी सेकंदाच्या तीन शतांशांच्या आत पाठोपाठ आले तर कान त्यांना एकच समजतो. त्याहून बराच अधिक फरक पडला की ठोका दोनदा ऐकू येऊ लागतो. आमच्या कुंपणातील लंगडा ताल हा ड्रमवाल्याचा दोष नव्हता. मनोरा उभा होता, पण त्याचे गणित कोणी जुळवलेले नव्हते किंवा मनोरा ठरल्या जागेवरून हलवल्यावर आकडा बदलण्याचे कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते. ही चूक सुधारायला जाणकार माणसाला एक मापनाचा माइक, एक लॅपटॉप आणि काही मिनिटे पुरतात.

मोठ्या मैदानावर रॉक ऐकू यावा कसा, हा प्रश्न रॉक संगीताइतकाच जुना आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ‘बीटल्स’ने सुमारे ५५,६०० लोकांसमोर कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्याकडे मुद्दाम बनवून घेतलेले वॉक्स कंपनीचे १०० वॅटचे ॲम्प्लिफायर होते आणि गाण्याचा आवाज बेसबॉलच्या सामन्यात घोषणा करण्यासाठी बसवलेल्या भोंग्यांतून जात होता. प्रेक्षकांच्या किंचाळ्यांत प्रेक्षकांना काही ऐकू आले नाही आणि स्वतःचे वादन ऐकण्यासाठी समोर मॉनिटर स्पीकर नसल्यामुळे खुद्द कलाकारांनाही नीट ऐकू आले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे करणे थांबवले. त्याला कारणे अनेक होती, परंतु ऐकू न येणे हे त्यांतील एक होते. त्या काळच्या आयोजकांना दोष देता येणार नाही, कारण तंत्रच उपलब्ध नव्हते.

ते तंत्र पाहता पाहता आले. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर ‘ग्रेटफुल डेड’, ‘द बँड’ आणि ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ यांना ऐकायला अंदाजे सहा लाख माणसे लोटली होती आणि तिथे दूरवरच्या मनोऱ्यांसाठी डिजिटल डिलेचा वापर करण्यात आला. ज्या युक्तीचे गणित आमच्या मैदानावर कोणी जुळवले नाही, ती युक्ती अर्धशतकापूर्वी सहा लाखांच्या गर्दीत वापरली गेली होती. पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, त्याच ‘ग्रेटफुल डेड’ने सुमारे ६०० स्पीकर आणि २६,००० वॅटहून अधिक शक्ती असलेली एक अवाढव्य व्यवस्था दौऱ्यावर नेली. तिला ‘ध्वनीची भिंत’ म्हणत. पण ती रचण्यामागचा हेतू गोंगाट हा नव्हता. प्रत्येक वाद्याला स्वतःचे स्वतंत्र स्पीकर दिले की वाद्ये एकमेकांत मिसळून गढूळ होत नाहीत, हा तो विचार होता, आणि गायकांसाठी जोडीजोडीने लावलेले माइक मागून येणारा वाद्यांचा आवाज एकमेकांत वजा करून टाकत. ७५ टनांच्या आसपास वजनाची ती भिंत गावोगावी नेणे परवडेना म्हणून वर्षभरातच मोडीत निघाली. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये घडवल्या गेलेल्या आधुनिक लाइन ॲरेने, म्हणजे आज प्रत्येक मोठ्या रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना लोंबताना दिसणाऱ्या स्पीकरच्या त्या वक्राकार माळेने, प्रश्न बराचसा आटोक्यात आणला, कारण नीट टांगलेल्या अशा माळेचा ध्वनी बऱ्याच अंतरापर्यंत दर दुप्पट अंतराला ६ ऐवजी जवळपास ३ डेसिबलनेच उतरतो. मात्र ‘नीट टांगलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माळेतील प्रत्येक पेटीचा कोन त्या त्या मैदानाच्या लांबी-रुंदीनुसार संगणकावर आखून ठरवावा लागतो. कालच्या लग्नात वापरलेले कोन आज मैफलीत चालत नाहीत.

आपल्याकडे भिंत म्हटले की वेगळेच चित्र डोळ्यांसमोर येते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्याला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात आणि पुण्या-मुंबईत ‘डीजे’ म्हणतात, त्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी ध्वनियंत्रणेची थोरवी किती दणका बसतो यावरून ठरवण्याची सवय दोन पिढ्यांना लावली आहे. ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या कित्येकांचा वर्षाचा मोठा धंदा गणपती, लग्ने आणि सभा यांवर चालतो, तेव्हा त्यांच्या गोदामात सब भरपूर असावेत हे ओघाने आलेच. आयोजकही दरपत्रक मागवताना किती वॅट आणि किती पेट्या एवढेच विचारतो. मैदानाचा नकाशा पाहून आखणी करून देणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या मेहनतान्याला दरपत्रकात अनेकदा ओळच नसते. तेव्हा साउंडवाल्याला एकट्याला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते; जे मागितले नाही, ते त्याने द्यावे कसे?

मोकळ्या जागेत ध्वनी चांगला असूच शकत नाही, असे समर्थन काही जण करतात. पुण्यात तरी हे समर्थन टिकू नये. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज मुकुंदनगरच्या मैदानावरील मंडपात होतो आणि तिथे मागच्या भारतीय बैठकीवरही तानपुऱ्याची जवारी ऐकू येते. रॉकचे प्रकरण अधिक अवघड आहे, हे मला मान्य आहे. तिथे रंगमंचावरील ड्रम आणि ॲम्प्लिफायर स्वतःच मोठ्याने बोलत असतात, गायकाच्या माइकमध्येही ते शिरतात, आणि श्रोते मांडी घालून बसलेले नसून उड्या मारत सोबत गात असतात. पण अवघड आहे म्हणूनच तर त्याला तज्ज्ञ लागतो.

दुसरे समर्थन असते ते ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचे. कार्यक्रम फसला की ‘डेसिबलची मर्यादा होती, काय करणार’ असे सांगून आयोजक मोकळे होतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावल्यास त्या जागेच्या हद्दीवरील पातळी त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये, असे नियम सांगतो. रात्री दहानंतर मोकळ्या जागी ध्वनिवर्धक बंद, आणि वर्षातील मोजके दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. मैदानाशेजारी राहणाऱ्या माणसालाही झोप असते, घरात आजारी माणूस असतो, मुलांच्या परीक्षा असतात. या नियमांविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव गाजला आणि शेजारी रुग्णालय व महाविद्यालय असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले जोरकस संगीत थांबले, याची हळहळ माझ्या पिढीच्या रसिकांना आजही वाटते. तरीही रुग्णालयाच्या बाजूने दिलेला तो कौल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

परंतु नियमांतील एक बारकावा आयोजकांनी समजून घ्यायला हवा. ही मोजणी ज्या ‘ए’ मापनपद्धतीने होते, तिच्यात ५० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. परिणामी मापकावरचा आकडा खाली आणण्यासाठी इंजिनिअरवर दडपण आले, की कमी होतात ते गायक, गिटार आणि झांजा. सब तसेच धडधडत राहतात, कारण मापकाच्या दृष्टीने ते जवळपास अदृश्य असतात. मग श्रोत्याला शब्द ऐकू येत नाहीत आणि दोन किलोमीटरवरच्या सोसायटीत मात्र खिडक्यांची तावदाने थरथरतात. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की ध्वनी वर निसटण्याऐवजी खाली वाकून दूरवर जातो, त्यामुळे थंडीच्या रात्री हा त्रास अधिकच होतो. श्रोत्याची तक्रार आणि रहिवाशाची तक्रार एकमेकींच्या विरोधात आहेत असे मानले जाते, पण वस्तुतः दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे दिशा नसलेला, मोकाट सोडलेला खर्ज. सब एका विशिष्ट रचनेत, काही उलट्या तोंडाने आणि थोड्या विलंबाने वाजवले, तर मागच्या बाजूचा खर्ज बराच कमी करता येतो. ही रचना जगभर रूढ आहे आणि तिच्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

लंडनच्या हाइड पार्कचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. भोवती उच्चभ्रू वस्ती, महापालिकेची कडक मर्यादा, आणि त्यामुळे मैदानातील श्रोत्यांची ‘आवाज पुरेसा येत नाही’ अशी वर्षानुवर्षे ओरड. जुलै २०१२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गात असताना ठरलेली वेळ उलटली म्हणून त्यांचे माइक बंद करण्यात आले आणि त्या प्रकरणाने जगभर मथळे मिळवले. पुढच्या वर्षी आयोजक बदलला आणि त्याने प्रत्येक स्पीकर स्वतंत्रपणे नियंत्रित करता येईल अशी यंत्रणा आणली. ध्वनी कुठे पडावा आणि कुठे अजिबात पडू नये, हे तिच्यात आधी आखता येते. मर्यादा राहिली, वस्ती राहिली, आणि मैदानात पूर्वीपेक्षा अधिक जोरकस ऐकू येऊ लागले. आपल्याकडे नियमांवर बोट ठेवून हात वर करणाऱ्यांनी हे जरूर अभ्यासावे.

वेळेच्या बंधनाचा मात्र एक परिणाम खरा आहे. रात्री दहाला संपवायचे म्हणजे दुपारी दारे उघडायची, आणि दारे उघडण्यापूर्वी साउंडचेक, म्हणजे ध्वनीची पूर्वचाचणी, उरकायचा. त्यात रंगमंच उभारणीला उशीर झालेला असतो, जनरेटर वेळेवर आलेला नसतो, प्रायोजकाच्या जाहिरातींची चाचणी आधी घ्यायची असते. शेवटी कात्री लागते ती साउंडचेकलाच. मुख्य बँडला थोडा तरी वेळ मिळतो. आधी वाजवणाऱ्या आपल्या इथल्या तरुण बँडला ‘माइक चालतो ना, मग झाले’ एवढ्यावर रंगमंचावर ढकलले जाते आणि त्यांची पहिली दोन गाणी हाच त्यांचा साउंडचेक होऊन बसतो. श्रोते मग म्हणतात की आपल्या बँडमध्ये दम नाही. शिवाय उन्हात तापलेल्या रिकाम्या मैदानावर ठरवलेली पातळी रात्रीच्या गार हवेत आणि हजारो माणसांच्या गर्दीत तशीच लागू पडत नाही. कार्यक्रम सुरू असताना कोणीतरी हातात टॅब्लेट घेऊन मैदानाच्या कानाकोपऱ्यांत फिरून दुरुस्त्या करत राहावे लागते. असा माणूस त्या रात्री मला दिसला नाही.

यावर ‘अजून मोठ्याने वाजवा’ हे उत्तर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे निकष जाहीर केले, त्यांत पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे सांगितले आहे, आणि त्याच निकषांत ध्वनियंत्रणा व जागेची रचना सुधारण्याचीही अपेक्षा आहे. स्पष्ट ध्वनीला गोंगाटाची गरज पडत नाही. पुढच्या कुंपणातल्या तरुणांचे कान बधिर करून मागच्या कुंपणातल्यांना शब्द ऐकवण्याचा प्रयत्न करणे, यासारखा दुहेरी तोटा नाही.

आता मागणे काय, ते सांगतो. अशा कार्यक्रमाला परवानगी देताना रंगमंचाचा सांगाडा भक्कम आहे याचा दाखला लागतो, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो, पोलिसांची परवानगी लागते, आणि हे सर्व योग्यच आहे. ध्वनीच्या बाबतीत शासन केवळ बाहेर किती जातो एवढेच विचारते. आत किती पोहोचतो हे विचारायला आणखी एक सरकारी खिडकी उघडावी, अशी माझी अपेक्षा नाही. ती खिडकी उघडली की तिथे काय चालते हे आपण सारे जाणतो. मला हवी आहे ती तिकीट विकतानाची उघड माहिती. विमानात कोणती खुर्ची खिडकीजवळ आहे, नाट्यगृहात कोणती खांबाआड आहे, हे तिकीट काढताना कळते. मग मैदानाच्या नकाशावर मुख्य स्पीकर कुठे, डिले टॉवर कुठे, तंबू कुठे, आणि कोणत्या कुंपणापुढे मनोरा नाही, हे का दाखवू नये? ध्वनीची आखणी कोणत्या कंपनीने केली, हे प्रायोजकांच्या भल्यामोठ्या यादीखाली एका ओळीत का छापू नये? ही माहिती जाहीर करावी लागली, की मनोरा वाचवून पैसे वाचवण्याचा मोह आपोआप कमी होईल.

आयोजकांना याची सक्ती वाटत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्यांनी एकदा नजरेखालून घालावा. सेवेच्या दर्जातील किंवा ती देण्याच्या पद्धतीतील उणीव म्हणजे सेवेतील त्रुटी, अशी त्या कायद्याची व्याख्या आहे. संगीताचा कार्यक्रम विकून संगीत ऐकू न येणे ही त्रुटी नसेल तर दुसरे काय, हा प्रश्न जिल्हा ग्राहक आयोगापुढे कोणीतरी नेण्यासारखा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. अडचण पुराव्याची आहे. मोबाइलवर केलेले चित्रीकरण दाखवले, तर ‘तुमच्या मोबाइलचा माइकच हलका आहे’ असे उत्तर तयार असते, आणि ते सर्वस्वी खोटेही नसते. म्हणून आयोजकाने प्रत्येक कुंपणात निदान एका ठिकाणी मापनाचा माइक लावून त्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. तक्रार खोटी असेल तर त्या नोंदी त्याच्याच उपयोगी पडतील.

एक विनंती आपल्यालाही आहे. रॉक मैफलींची परीक्षणे आपल्या पुरवणीत आवर्जून छापली जातात, पण समीक्षक बहुधा आमंत्रितांच्या प्रवेशिकेवर पुढच्या कुंपणात किंवा तंबूच्या आसपास असतो आणि तिथे जे ऐकू येते त्यावर परीक्षण लिहितो. त्या रात्रीच्या मैफलीविषयी ‘स्फटिकासारखा स्वच्छ ध्वनी’ असे मी एका ठिकाणी वाचले, तेव्हा लिहिणारा कुठे उभा असेल हे मला लगेच उमगले. समीक्षकाने आपण कोठून ऐकले हे एका वाक्यात नमूद करावे, आणि जमल्यास अर्धी मैफल सर्वांत स्वस्त तिकिटाच्या कुंपणातून ऐकावी.

त्याच मैदानावर येत्या हिवाळ्यात आणखी एका मोठ्या रॉक कार्यक्रमाची जाहिरात सुरू झाली आहे. तिच्यासोबतच्या नकाशावर खाद्यपदार्थांचे ठेले, मद्याचे काउंटर, स्वच्छतागृहे, छायाचित्र काढण्यासाठीची सजवलेली कमान आणि तीन दरांची तीन कुंपणे अगदी रंगीत दाखवलेली आहेत. डिले टॉवर कोठेही नाहीत. ते किती असतील, कुठे असतील आणि दुपारच्या साउंडचेकसाठी किती तास राखून ठेवले आहेत, अशी विचारणा मी आयोजकांना ई-मेलने केली आहे. सवलतीच्या दराची मुदत संपण्यापूर्वी त्यांचे उत्तर आले, तर मी तिकीट काढीन आणि या वेळी मागच्या कुंपणाचे काढीन.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे